फूड पँट्रीत व्हॉलंटियरिंग: रांगेत ओळखीचं माणूस दिसलं तर काय करायचं?

ओवी_एडिसन

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलचक झालं तर सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही न्यू जर्सीत आलो, मी एच-फोरवर, म्हणजे त्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे, वर्क परमिट नाही, म्हणून नोकरी करता येत नाही. तिकडे नाशिकला दहा वर्षं शाळेत शिकवत होते आणि इथे सकाळी मुलगी स्कूलबसमध्ये बसली की दिवसभर घरात घड्याळाचा आवाज ऐकत बसायचं, ते काही मला झेपेना. मुलीच्या शाळेतून मेल आला की जवळच्या चर्चच्या तळघरात फूड पँट्री चालते, म्हणजे गरजूंना फुकट किराणा-भाजी मिळते, शनिवारी सकाळी माणसं हवी आहेत, मी नाव दिलं. आतापर्यंत दोन शनिवार जाऊन आले.

पहिल्या शनिवारी डब्यांच्या तारखा बघायचं काम होतं. केळ्यांच्या रिकाम्या खोक्यांमध्ये लोकांनी दिलेलं सामान येतं, त्यातून बीन्स वेगळे, सूप वेगळं, सिरियल वेगळं, फुगलेला डबा असेल तर टाकायचा, असं तीन तास. पाठ गेली पण रात्री शांत झोप लागली, कितीतरी महिन्यांनी.

दुसऱ्या शनिवारी मला भाजीच्या टेबलावर उभं केलं. कांदे, बटाटे, गाजरं, कोबी, थोडी सफरचंदं. लोक कार्ट ढकलत येतात, घरात माणसं किती त्यावर किती घ्यायचं ते ठरतं, पण काय घ्यायचं ते ज्याचं त्यानेच उचलायचं. मला हे फार आवडलं, कुणी हातात पिशवी कोंबत नाही. साडेदहाच्या सुमारास मान वर केली तर रांगेत ओळखीच्या एक मराठी काकू. त्यांच्या घरी मी जेवलेली आहे. आमची नजरानजर झाली, त्यांनी मान खाली घातली, आणि मी हातातला गाजरांचा क्रेट तसाच खाली ठेवून मागच्या कोल्ड रूममध्ये निघून गेले. म्हटलं त्यांना अवघडल्यासारखं नको. दहा मिनिटांनी बाहेर आले तर काकू गेलेल्या. शेजारच्या बाई म्हणाल्या, ती बाई भाजी न घेताच पुढे गेली.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मी पळाले म्हणून त्यांनी भाजी घेतली नाही का? मी तिथेच उभी राहून हसायला हवं होतं का? त्यांना फोन करू का? की शनिवारी जायचंच बंद करू, म्हणजे त्यांना तरी मोकळेपणाने येता येईल?

अजून दोन शंका आहेत. एच-फोरवर असं काम केलेलं चालतं ना? आणि आम्ही शाकाहारी, पुढच्या वेळी फ्रीजरवर उभं राहा म्हणाले तर तिथे चिकनची पाकिटं द्यावी लागतील, नाही म्हटलेलं चालतं का?

(संपादन: काकूंची ओळख पटेल असे दोन तपशील होते ते काढले. मिशिगनकर, लक्षात आणून दिल्याबद्दल धन्यवाद.)

कोल्हापूरची_लेक

ओवी, आधी सोप्या प्रश्नांची उत्तरं देते, मोठ्या प्रश्नावर माझ्यापेक्षा जाणती माणसं इथे आहेत.

व्हिसाचं म्हणशील तर मीही सहा वर्षं एच-फोरवर काढलीत आणि त्यातली चार पँट्रीत गेलीत. मूळ गोष्ट एवढीच की संस्था खरोखरची धर्मादाय असावी, काम असं असावं की जे तिथे एरवीही बिनपगारीच करतात, आणि त्याबदल्यात तुला काहीही मिळू नये. काहीही म्हणजे काहीही. पेट्रोलचे पैसे, गिफ्ट कार्ड, उरलेलं सामान घरी ने म्हणाले तरी नको म्हण. पगारी माणसाच्या जागी फुकट बसवत असतील, उदाहरणार्थ त्यांचे हिशोब ठेवायला रोज बोलावायला लागले, तर मात्र नाही म्हणायचं. शनिवारी बटाटे देण्यात काही प्रॉब्लेम नाही. तरी नवऱ्याच्या कंपनीचा जो इमिग्रेशन वकील असेल त्याला एक मेल टाकून ठेव, लेखी उत्तर जवळ असलेलं बरं.

चिकनचं बिनधास्त सांग. आमच्याकडे एक जैन काकू होत्या, त्या फक्त ब्रेड आणि फळं बघायच्या, एक मुस्लिम भाऊ डुकराच्या मांसाला हात लावत नसे, कुणाला काही वाटलं नाही. तसंही सगळं गोठलेलं, सीलबंद असतं. मी स्वतः पांढऱ्या-तांबड्या रश्श्याच्या गावची, त्यामुळे फ्रीजर कायम माझ्याकडेच असायचा :) पण सुरुवातीलाच सांगून ठेव, ऐन गर्दीत सांगितलं की धावपळ होते.

आणि शूज चांगले घाल, तळघरातली काँक्रीटची जमीन गुडघे खाते. कोल्ड रूमसाठी पातळ स्वेटर गाडीत ठेवत जा, जुलैमध्येसुद्धा. स्पॅनिशचे चार शब्द शीक, "कुआंतास पेर्सोनास" म्हणजे घरात किती माणसं, एवढ्यावर माझं पहिलं वर्ष निभावलं. फ्रिहोलेस म्हणजे त्यांच्या शेंगांच्या बिया, राजम्याच्याच भाऊबंद, आणि त्या कशा शिजवायच्या यावर एकदा मेक्सिकन आजींशी माझी अर्धा तास चर्चा झाली, निम्मी खाणाखुणांनी. त्यांच्याकडूनच मी राजम्यात एपासोते नावाचा पाला घालायला शिकले, पोट जड होत नाही, आपण ओवा-हिंग घालतो त्यातलाच प्रकार.

जायचं बंद करू नकोस गं. बाकी मिशिगनकर लिहितीलच.

मिशिगनकर

ओवीताई, सगळ्यात आधी एक विनंती, वरच्या पोस्टमधले काकूंबद्दलचे ते दोन तपशील काढून टाका. तुमच्या मनात काही वाईट नाही हे कळतंय, पण एडिसन-आयसेलिन भागात मराठी लोक किती आहेत, इथे वाचणारे किती आहेत, दोन वाक्यांवरून ओळख पटते. पँट्रीत कोण आलं हे पँट्रीच्या दाराबाहेर जात नाही. नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. मी हे माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या व्हॉलंटियरला पहिल्या दिवशी सांगतो, तुम्हाला तिथे कुणी सांगितलं नसेल तर ती त्यांची चूक आहे, तुमची नाही.

मी डेट्रॉइटच्या उपनगरात एका पँट्रीचं शनिवारचं काम बघतो, आता अकरावं वर्ष. पहिली दोन वर्षं नुसती खोकी उचलली, मग हळूहळू गळ्यात पडलं.

पळालात म्हणून स्वतःला दोष देऊ नका, बहुतेक सगळे पहिल्यांदा पळतात. मीही पळालो होतो. माझ्या मुलाच्या सॉकर कोचची बायको होती, मी गाड्या लावायला जातो म्हणून मागच्या दाराने बाहेर पडलो. त्या आठवड्यात माझ्या वरच्या बाईंनी, ऐंशीच्या होत्या त्या, मला जवळ बसवून सांगितलं की तू पळालास तेव्हा तिला काय दिसलं असेल? तिला दिसलं की तिला बघून माणूस पळाला. त्याने तिची लाज वाचली नाही, वाढली.

मग त्यांनी जे शिकवलं ते आजवर उपयोगी पडलंय. जागेवर राहायचं. बाकीच्यांशी जसं बोलता तस्संच बोलायचं, एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. "अरे तुम्ही इथे कशा?" हे मेलं तरी विचारायचं नाही. "घरचे कसे आहेत" तेही नको, कारण त्याचं उत्तर कदाचित रांगेत उभं राहण्याचं कारणच असतं. ओळख दाखवायची की नाही ते समोरच्याने ठरवायचं. तिने हाक मारली तर आपण ओ द्यायची, नाही मारली तर आपल्यासाठी ती रांगेतली पुढची शॉपर. नावनोंदणीच्या टेबलावर मात्र बसू नका, कारण तिथे पत्ता आणि माणसं किती असं विचारावं लागतं, आणि ओळखीच्या माणसापुढे ते सांगणं फार जड जातं. अगदीच वाटलं की तुमच्या असण्याने एखादी व्यक्ती अडतेय, तर को-ऑर्डिनेटरला फक्त एवढंच म्हणा, पुढचे दोन शनिवार मला मागे सॉर्टिंगला ठेवा. कारण सांगू नका. चांगला को-ऑर्डिनेटर विचारतही नाही.

फोन करू नका. हे मी ठाम सांगतो. फोन केला की काकूंना तुमची समजूत घालावी लागेल, की अगं नाही, मला काही वाटलं नाही. त्यांच्या डोक्यावर आधीच पुरेसं आहे.

अजून एक, हे फक्त चांगुलपणाचं नाही, नियमाचंही आहे. शेती खात्याकडून टेफॅप नावाच्या योजनेतून पँट्रीला माल येत असेल, आणि बऱ्याच ठिकाणी येतो, तर लोकांशी थेट संबंध येणाऱ्या व्हॉलंटियरला नागरी हक्कांचं ट्रेनिंग दरवर्षी घ्यावं लागतं. भिंतीवर एक मोठं पोस्टर असतं, सगळ्यांना न्याय असं लिहिलेलं, बघा तुमच्याकडेही असेल. विचारा की ट्रेनिंग कधी आहे. तासाभराचं असतं, पण त्यात माणसाशी कसं बोलायचं हे स्पष्ट सांगतात.

सॅनहोजेचा_सतीश

वेगळं मत मांडतो, राग नसावा. शनिवारचे तीन तास डबे लावण्यापेक्षा तेवढ्या वेळाचे पैसे फूड बँकेला दिले तर जास्त पोटं भरतात असं मला प्रामाणिकपणे वाटतं. फूड बँक घाऊक भावात, ट्रकने घेते, आपण दुकानातून दीड डॉलरचा डबा विकत घेऊन दान करतो तेव्हा त्यातला बराचसा पैसा दुकानाला गेलेला असतो. आम्ही मित्रांनी मिळून दर महिन्याला आमच्याकडच्या सेकंड हार्वेस्ट फूड बँकेला ठरावीक रक्कम द्यायची असं ठरवलंय, काही जणांच्या कंपन्या तेवढीच भर घालतात. हे काम कमी दिसतं पण पोचतं.

मिशिगनकर

सतीश, राग कसला, पैशाचं तुमचं अगदी बरोबर आहे, मी पण लोकांना हेच सांगतो. डबे विकत घेऊन देऊ नका, पैसे द्या. पण ट्रकमधून उतरलेला पॅलेट स्वतःहून टेबलावर येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फूड बँक आणि फूड पँट्री एक नाही. फूड बँक म्हणजे मोठं गोदाम, तिथून छोट्या पँट्र्यांना माल जातो. आम्हाला डेट्रॉइटच्या ग्लीनर्सकडून येतो, न्यू जर्सीत हिलसाइडला कम्युनिटी फूडबँक ऑफ न्यू जर्सी आहे. ही कल्पना ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये 1967 साली निघाली. जॉन व्हॅन हेंगेल नावाचे गृहस्थ गरिबांच्या जेवणघरात मदत करायचे, तिथे त्यांना एक बाई भेटली, पदरी दहा मुलं, दुकानामागच्या कचऱ्यातून चांगलं अन्न वेचून घर चालवायची. तिनेच म्हटलं की पैशाची बँक असते तशी टाकून दिलेल्या अन्नाची का नसावी, ठेवणाऱ्याने ठेवावं आणि लागेल त्याने काढावं. त्यातून सेंट मेरीज फूड बँक उभी राहिली, आज अमेरिकेत अशा सुमारे 200 मोठ्या फूड बँका एका जाळ्यात आहेत. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं की ही कल्पना देणाऱ्याला नाही सुचली, घेणारीला सुचली.

आणि त्या गोदामातून आमच्यापर्यंत माल पोचल्यावर खरं हमालीचं काम सुरू होतं. दुकानं शिल्लक माल देतात, त्यात ब्रेड आणि केक ढीगभर, दूध-अंडी थोडी. पूर्वी दुकानदार घाबरायचे, की खाऊन कुणाला काही झालं तर खटला व्हायचा. 1996 साली गुड समॅरिटन कायदा आला, चांगल्या हेतूने अन्न देणाऱ्याला संरक्षण मिळालं, तरी अजून कितीतरी जण देत नाहीत.

तारखांचं पण सांगतो, ओवीताई तुम्ही त्या टेबलावर होता म्हणून. "बेस्ट बाय" म्हणजे चव, रंग तोपर्यंत उत्तम, त्यानंतर विष होतं असं नाही. केंद्रीय कायद्याने तारीख बंधनकारक आहे ती फक्त लहान बाळांच्या फॉर्म्युलावर, म्हणजे दुधाच्या पावडरीवर, ती उलटली की डबा सरळ कचऱ्यात, तिथे एक दिवसाचीही सूट नाही. बीन्स, मका हे डबे तारखेनंतरही बरेच टिकतात, टोमॅटो आणि अननसासारखे आंबट त्यामानाने लवकर उतरतात. पोचा आलेला डबा चालतो, पण पोचा शिवणीवर किंवा काठावर असेल तर नाही. फुगलेला, गळणारा, खोल गंजलेला, नाही म्हणजे नाही. शंका आली की मी माझ्या आईला हा डबा वाढला असता का, असं विचारतो.

वेळेचं म्हणाल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एवढे लोक मदतीला येतात की उभं राहायला जागा नसते, आणि फेब्रुवारीत आम्ही पाच जण. जुलै-ऑगस्ट त्याहून वाईट, कारण मुलांना शाळेत मिळणारं जेवण सुट्टीत बंद, म्हणजे घरात भूक जास्त आणि आमच्याकडे माणसं कमी. मेच्या दुसऱ्या शनिवारी पोस्टमन लोक घरोघरच्या पत्रपेटीजवळ ठेवलेले डबे गोळा करतात, देशभर, 1993 पासून. त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या तळघरात डबे डोक्याच्या वर गेलेले असतात. कुणाला यायचं असेल तर तेव्हा या.

नाव_नको

हे लिहायला नवा आयडी काढलाय.

मी त्या रांगेत उभी राहिलेली आहे. 2023 मध्ये नवऱ्याची नोकरी गेली, एका सकाळी मेल आला आणि दुपारपर्यंत लॅपटॉप बंद. एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलं की हातात 60 दिवस, त्यात दुसरी कंपनी मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा. बाळ सात महिन्यांचं. भाडं भरायचं की साठवलेलं जपायचं, रोज तोच हिशोब. फॉर्म्युलाचा एक डबा चार-पाच दिवसांत संपायचा. भारतात कुणाला सांगितलं नव्हतं, सासूबाईंशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मी मागे फळांचा बोल ठेवायचे.

वकिलाला विचारून घेतलं आणि मग एका शनिवारी गेले. गाडीत वीस मिनिटं बसून होते. आपण इथे जाण्याएवढे गरीब नाही, कुणा खऱ्या गरजूचं आपण घेतोय, हे सारखं मनात. आमची गाडी बरी होती, त्याचीसुद्धा लाज वाटत होती. नंतर कळलं की त्या रांगेत अशा बऱ्या गाड्या खूप असतात, गाडी कधीतरी बऱ्या दिवसांत घेतलेली असते.

पहिल्या ठिकाणी टेबलावरची बाई फार प्रेमळ होती, पण इतकी हळहळली, माझा हात हातात घेऊन "बिचारी पोर" असं काहीतरी बोलली, की मी परत तिथे गेले नाही. दुसऱ्या पँट्रीत गेले, थोडी लांब होती. तिथे भाजीच्या टेबलावर एक मराठी मुलगी. मला बघताच ओळखलं असावं तिने, मी गळ्यात मंगळसूत्र घातलेलं. मला वाटलं आता विचारणार, कुठल्या तुम्ही, नवरा कुठे असतो. तिने समोरची एक जुडी उचलली आणि मराठीत म्हणाली, "कोथिंबीर आज ताजी आलीये बघा, दोन घ्या, टिकते." बास. मंडईत भाजीवाली म्हणते ना तस्सं. मी दोन घेतल्या. त्या दिवशी घरी जाऊन मी वड्या केल्या, बेसन होतं घरात. नवरा म्हणाला आज काय आहे? कितीतरी दिवसांनी आम्ही काहीतरी आवडीचं म्हणून खाल्लं, नुसतं पोट भरायला नाही.

नवऱ्याला बावन्नाव्या दिवशी ऑफर आली. त्या मुलीचं नाव मला आजही माहीत नाही.

म्हणून ओवी, तू तिथेच उभी राहा. तुझ्या काकूंना बाकी काही नको असेल, पण भाजी कशी आहे हे मराठीत कुणी सांगितलं तर ते ऐकायला बरं वाटतं एवढं मी नक्की सांगते. आणि येणं बंद तर मुळीच करू नकोस, त्यांना ते कळेल आणि त्या स्वतःला दोष देतील.

कोल्हापूरची_लेक

नाव_नको, वाचून डोळे भरून आले. लिहिलंत ते फार बरं केलंत.

शनिवारपेठेतली_आजी

मी पुण्यात असते, अमेरिकेतलं मला ठाऊक नाही, लेक तिकडे आहे म्हणून हे वाचत असते. पण वाचताना माझे वडील आठवले म्हणून लिहिते.

वडील कोकणातून पुण्याला शिकायला आले तेव्हा त्यांच्याजवळ फी पुरते पैसे होते, जेवणापुरते नव्हते. तेव्हा वार लावून जेवायची पद्धत होती. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, असे सात वार सात घरी. ज्या दिवसाचं घर मिळालं नाही त्या दिवशी चुरमुरे आणि पाणी. वडील पुढे चांगल्या नोकरीला लागले, स्वतःचं घर बांधलं, पण त्यांना ती साती घरं शेवटपर्यंत पाठ होती. आम्हा मुलांना सांगायचे, बुधवारच्या घरी पोळी तूप लावून मिळायची पण पडवीत एकट्याला वाढायचे. आणि शुक्रवारच्या घरी ताक-भातच असे, त्यांचीच परिस्थिती बेताची होती, पण घरच्या मुलांच्या पंगतीत पाट मांडायचे, आणि ती माउली विचारायची की आज गणिताच्या तासाला काय झालं. बुधवारचं तूप त्यांना आठवत होतं, पण मोठेपणी पेढे घेऊन गेले ते शुक्रवारच्या घरी.

आमच्या घरी मग कायम एका मुलाचा वार असे, आईने तो कधी चुकवला नाही, आणि पान आमच्या शेजारीच मांडलं जायचं. तो मुलगा पाटावर बसला की वडील जरा उशिरा यायचे जेवायला. आम्हाला वाटायचं कामात असतील. पुष्कळ वर्षांनी आई म्हणाली, तो पोटभर मागून घेऊ दे म्हणून ते मुद्दाम थांबायचे, मोठं माणूस समोर असलं की पोर दुसऱ्यांदा भात मागत नाही.

ओवी, बाळ, तू तिथे भाजी देतेस हे फार चांगलं करतेस. त्या बाईंना दुसऱ्यांदा मागता येईल असं वाग.

जर्सीची_जाई

आजी, नमस्कार तुम्हाला. हे मी प्रिंट काढून आमच्या पँट्रीच्या व्हॉलंटियर रूममध्ये लावू का? इंग्रजीत करून?

सगळ्यांसाठी एक वेगळी माहिती टाकते कारण गणपतीत बऱ्याच मंडळांमध्ये फूड ड्राइव्ह होतात आणि मग आमच्याकडे येणारं सामान बघून वाईट वाटतं. अर्धा वापरलेला मसाला, उघडलेलं रव्याचं पाकीट, भारतातून आणलेलं लोणचं घरच्या बरणीत, यातलं काहीच आम्हाला देता येत नाही. घरी केलेलं काहीही चालत नाही, लाडू असोत की चिवडा, आणि सुट्टं आणून पिशवीत बांधलेलं धान्यही नाही. सीलबंद, इंग्रजीत घटक लिहिलेलं, तारीख असलेलं, एवढंच.

काय द्यावं? डाळ-तांदूळ द्या, पण 20 पौंडाचं पोतं नको, ते फोडून भरायला वेगळी जागा, हातमोजे, लेबलं सगळं लागतं. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत दोन पौंडाची पाकिटं मिळतात ती द्या. मसूर आणि मूग डाळ द्या, अख्खा राजमा-छोले कमी, कारण कितीतरी लोक मोटेलच्या खोलीत राहतात, तिथे एक मायक्रोवेव्ह आणि फार तर एक हॉटप्लेट. डबे द्याल तर वरून खेचून उघडणारे, सगळ्यांकडे ओपनर नसतो. तेलाच्या छोट्या बाटल्या, मीठ, साखर, चहा, याला प्रचंड मागणी, आणि हे कुणी देतच नाही. साबण, डायपर, सॅनिटरी पॅड तर सोन्यासारखे, कारण स्नॅपच्या कार्डावर, म्हणजे सरकारी फूड स्टँपवर, हे विकत घेता येत नाही. पॅडची पाकिटं आम्ही टेबलावर मांडली की पहिल्या अर्ध्या तासात संपतात.

आपले लोक रांगेत येतात का तर हो, येतात, आणि मला वाटायचं त्यापेक्षा जास्त. आई-वडील मुलाकडे आले आणि मुलाचंच बिनसलं, नवऱ्याने टाकलेल्या बायका, कॅश जॉब करणारे. पीठ मागतात. कणीक असेल तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. मी आमच्या फूड बँकेच्या ऑर्डर शीटवर दोन वर्षं लिहीत राहिले की गव्हाचं पीठ, अनब्लीच्ड मैदा नव्हे, तेव्हा कुठे अधूनमधून यायला लागलं.

ओवी_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुमची पोस्ट मी मुलीला वाचून दाखवली, तिने विचारलं की पडवी म्हणजे काय, मग नाशिकच्या वाड्याचं चित्र काढून दाखवलं.

नाव_नको, तुम्हाला काय लिहू कळत नाही. कोथिंबिरीचं कायम लक्षात राहील.

वकिलांचं उत्तर आलं, काही हरकत नाही, फक्त मोबदला कुठल्याही रूपात नको, कोल्हापूरची_लेक म्हणाली तेच. ट्रेनिंगचं विचारलं तर को-ऑर्डिनेटर बाई खूश झाल्या, पुढच्या महिन्यात आहे. चिकनचंही सांगून टाकलं, त्यांनी वहीत माझ्या नावापुढे "भाजी आणि ब्रेड" असं लिहिलं, विषय संपला.

या शनिवारी मी गेले, भाजीच्याच टेबलावर होते, पूर्ण वेळ. काकूंबद्दल इथे यापुढे काही लिहिणार नाही, मिशिगनकर दादा, तुमचं पटलं. फोनही केला नाही. घरी नवऱ्याने विचारलं आज कसं झालं, मी म्हटलं पालक छान आला होता.

जाईताई, तुला एक विचारायचं होतं. आमच्या बिल्डिंगमधल्या सहा घरांनी मिळून दर महिन्याला मूग डाळ द्यायचं ठरवलंय. दोन पौंडाची चाळीस पाकिटं एकदम नेली तर आमच्या छोट्या पँट्रीत ठेवायला जागा होईल का, की दर शनिवारी दहा-दहा नेऊ? आणि डाळ-तांदळाची खिचडी एका भांड्यात कशी करायची याची चिठ्ठी इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये करून पाकिटाला लावायची म्हणतेय, स्पॅनिश कुणी तपासून देईल का? हिंगाशिवायची करते, जिरं पण ऐच्छिक ठेवते, मीठ आणि थोडं तेल एवढ्यावर होईल अशी.

कोल्हापूरची_लेक

स्पॅनिश मी बघते गं, आमच्या मेक्सिकन आजींना दाखवून घेते. पाण्याचं प्रमाण कपात लिही, वाटीत नको. आणि हॉटप्लेटवर झाकण ठेवून किती मिनिटं लागतात ते एकदा स्वतः करून बघ, कुकरच्या शिट्ट्या लिहू नकोस.

जर्सीची_जाई

ओवी, दहा-दहाच ने. चाळीस एकदम आली की मागच्या शेल्फवर जातात आणि पुढचे दोन आठवडे कुणाच्या लक्षात येत नाहीत. आणि टेबलावर तांदळाच्या शेजारी ठेवायला सांग, बीन्सच्या डब्यांत नको, तिथे कुणाला दिसत नाही.